जुळ्या लघुग्रहांचे कोडे आणि लोणारचा धडा

बीड (प्रतिनिधी) : युरोपीय अवकाश संस्थेचे ‘हेरा’ हे यान ७ ऑक्टोबर २०२४ रोजी पृथ्वीवरून निघाले. १२ मार्च २०२५ रोजी ते मंगळाजवळून गेले. २०२६च्या अखेरीस ते डिडिमॉस नावाच्या लघुग्रहापाशी पोहोचावे, असे नियोजन आहे. डिडिमॉसचा व्यास जेमतेम ७८० मीटर आहे. त्याच्याभोवती सव्वा किलोमीटरहूनही कमी अंतरावरून डायमॉर्फस नावाचा सुमारे दीडशे मीटरचा चंद्र फिरतो. एखाद्या खेड्याच्या शिवारात मावेल एवढ्या दगडाला स्वतःचा चंद्र असू शकतो, ही गोष्ट चार दशकांपूर्वी निव्वळ तर्काचा विषय होती. आज नेपच्यूनपल्याडचे बर्फाळ पिंड धरून अशा चंद्रधारी पिंडांची संख्या पाचशेच्या पुढे गेली आहे. पृथ्वीच्या कक्षेजवळून जाणाऱ्या, दोनशे मीटरहून मोठ्या लघुग्रहांत तर सहा-सातांमागे एक जुळा असतो.

हे चंद्र येतात कुठून, हा प्रश्न वरकरणी कुतूहलाचा वाटतो. मात्र डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेल्या ‘२०२४ वायआर४’ या लघुग्रहाने त्याला वेगळेच गांभीर्य दिले. सुमारे साठ मीटरचा हा पिंड २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये तीन टक्क्यांच्या वर गेली होती. धोक्याच्या संभाव्य पट्ट्यात अरबी समुद्र आणि दक्षिण आशियाचा भागही येत होता. पुढील निरीक्षणांनी ती शक्यता जवळजवळ शून्यावर आली आणि विषय मागे पडला. परंतु असा पिंड खरोखरच वाटेत आला, तर त्याला ढकलायचे कसे, हा प्रश्न कायम आहे. ढकलायचे म्हटले तर तो आतून कसा आहे हे आधी कळले पाहिजे. लघुग्रहांच्या आतील रचनेबद्दल आपल्याला जे समजले आहे, त्याचा मोठा भाग या चिमुकल्या चंद्रांनी सांगितला आहे.

ठिपक्याने दिलेला तराजू

लघुग्रहाच्या चंद्राचे पहिले निर्विवाद दर्शन गॅलिलिओ यानाने घडविले. गुरूकडे जाताना २८ ऑगस्ट १९९३ रोजी हे यान इडा या लघुग्रहाजवळून गेले. छायाचित्रे पृथ्वीवर येण्यास कित्येक महिने लागले. फेब्रुवारी १९९४ मध्ये ती तपासताना सुमारे साठ किलोमीटर लांबीच्या इडाशेजारी एक ठिपका आढळला. दीड किलोमीटरहूनही लहान असलेल्या त्या ठिपक्याला पुढे डॅक्टिल हे नाव मिळाले. १९९८ मध्ये हवाई बेटावरील दुर्बिणीतून युजेनिया या मोठ्या लघुग्रहाचा चंद्र दिसला. २००५ मध्ये सिल्व्हिया या लघुग्रहाला एक नव्हे तर दोन चंद्र असल्याचे जाहीर झाले. १ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘लुसी’ यान दिंकिनेश या लघुग्रहाजवळून गेले, तेव्हा त्याचा सेलाम हा चंद्र स्वतःच दोन गोळे एकमेकांना चिकटून बनलेला निघाला.

चंद्र सापडणे शास्त्रज्ञांना महत्त्वाचे वाटते, कारण चंद्र म्हणजे आयता तराजू असतो. एकट्या लघुग्रहाचे वजन करणे फार अवघड. त्याला चंद्र असेल, तर तो किती अंतरावरून आणि किती वेळात फेरी मारतो यावरून मूळ पिंडाचे वस्तुमान काढता येते. वस्तुमान आणि आकारमान कळले की घनता कळते. युजेनियाचे असे वजन झाले, तेव्हा त्याची घनता पाण्यापेक्षा थोडीशीच अधिक, म्हणजे घन सेंटीमीटरला सुमारे १.२ ग्रॅम भरली. तुलनाच करायची तर बालाघाटच्या डोंगरातील आपल्या काळ्या पाषाणाची घनता २.९च्या आसपास असते. युजेनियाचे द्रव्य काळ्या पाषाणाहून हलके आहे हे मान्य केले, तरी एवढा फरक भरून निघत नाही. त्याच्या पोटात मोठ्या प्रमाणावर पोकळी असली पाहिजे, हाच निष्कर्ष उरतो.

डोंगर नव्हे, खडीचा ढीग

येथेच लघुग्रहाविषयीची रूढ कल्पना बदलली. लघुग्रह म्हणजे अवकाशात तरंगणारा अखंड कातळ, असे चित्र आपल्या मनात असते. प्रत्यक्षात काहीशे मीटर ते काही किलोमीटर आकाराचे बरेचसे लघुग्रह हे दगड, गोटे, खडी आणि धूळ यांचे सैल ढीग आहेत. स्वतःच्या अत्यंत क्षीण गुरुत्वाकर्षणाने ते कसेबसे एकत्र राहतात. ऑक्टोबर २०२० मध्ये ‘ओसायरिस-रेक्स’ यानाने बेन्नू या लघुग्रहाला स्पर्श केला, तेव्हा यानाचा हात जवळजवळ कोणताही अडथळा न होता पृष्ठभागाच्या आत शिरला. यानाने वेळीच माघार घेतली नसती, तर ते आणखी खोल गेले असते.

हे ढीग बनले कसे, याची साक्ष आपल्या परिसरातही पडली आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी आणि पाटोदा तालुक्यांना लागून असलेल्या जामखेड भागात ५ ऑक्टोबर १८६६ रोजी एक अशनी पडला. अशनींच्या जागतिक सूचीत त्याची नोंद ‘जामखेर’ या नावाने आहे. त्याच्या वर्गातील अशनींची खनिजे एखाद्या मोठ्या पिंडाच्या पोटातील उष्णतेत दीर्घकाळ भाजून निघालेली असतात. म्हणजे तो दगड कधीकाळी मोठ्या लघुग्रहाच्या आत होता. पुढे धडकांत तो पिंड फुटला, तुकडे विखुरले, त्यांतील काही पुन्हा एकत्र आले आणि काही भटकत राहिले. सूर्यमालेच्या साडेचार अब्ज वर्षांच्या इतिहासात हे फोडणे आणि जमवणे अनेकदा घडले आहे.

दोन वाटा : धडक आणि ऊन

लघुग्रहाला चंद्र मिळण्याच्या प्रमुख वाटा दोन आहेत. पहिली धडकेची. मंगळ आणि गुरू यांच्यामधील पट्ट्यात शेकडो किलोमीटर व्यासाच्या लघुग्रहावर दुसरा पिंड आदळला, की प्रचंड राडारोडा उडतो. त्यातील बहुतेक भाग परत खाली कोसळतो, काही कायमचा निसटतो, तर काही कक्षेत अडकून हळूहळू गोळा होतो. युजेनिया किंवा सिल्व्हिया यांसारख्या मोठ्या लघुग्रहांचे चंद्र याच पद्धतीने तयार झाले असावेत, असे मानले जाते. काही वेळा धडकेतून उडालेले दोन तुकडे एकाच दिशेने, जवळजवळ सारख्या वेगाने निघतात आणि एकमेकांच्या ओढीत सापडून जोडी बनवतात.

दुसरी वाट अधिक चकित करणारी आहे. लहान लघुग्रहांच्या बाबतीत चंद्र घडवण्याचे काम चक्क ऊन करते. सूर्यप्रकाशाने तापलेला पृष्ठभाग ती उष्णता पुन्हा अवकाशात सोडतो. बाहेर पडणाऱ्या उष्णतेचा एक अतिसूक्ष्म उलटा धक्का पृष्ठभागाला बसतो. लघुग्रह नीट गोल असता, तर हे धक्के एकमेकांना छेद देऊन संपले असते. पण तो वेडावाकडा असल्याने काही बाजूंचे धक्के शिल्लक राहतात. कागदी भिंगरीची पाती तिरकी असल्यामुळे वारा तिला फिरवतो, तसाच हा प्रकार. यार्कोव्हस्की, ओ’कीफ, रॅड्झिएव्हस्की आणि पॅडॅक या चार संशोधकांच्या आद्याक्षरांवरून या परिणामाला ‘यॉर्प’ म्हणतात.

हा धक्का किती सूक्ष्म असतो, याचे प्रत्यक्ष मोजमाप २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘२००० पीएच५’ या लघुग्रहाचा बारा मिनिटांचा परिवलनकाळ दर वर्षी सुमारे एका मिलिसेकंदाने कमी होत असल्याचे आढळले. एक मिलिसेकंद म्हणजे काहीच नाही असे वाटेल. परंतु लघुग्रहापाशी वेळेची कमतरता नसते. लक्षावधी वर्षे हा धक्का एकाच दिशेने बसत राहिला, तर लघुग्रहाची गिरकी वाढत जाते. धक्क्याची दिशा उलटी असेल, तर ती मंदावतेही.

गिरकी वाढण्याला मात्र मर्यादा आहे. कुंभाराच्या चाकावर पाणी जास्त झालेला मातीचा गोळा वेगाने फिरवला, तर तो आधी मध्यावर फुगतो आणि मग त्याचे गोळे सुटून उडू लागतात. खडीच्या ढिगासारख्या लघुग्रहाचेही तसेच होते. एका फेरीस लागणारा वेळ सुमारे सव्वादोन तासांपर्यंत खाली आला, की विषुववृत्तावरील दगडांना खाली धरून ठेवण्यास गुरुत्वाकर्षण अपुरे पडते. ध्रुवांकडील खडी घसरत मध्यावर येते, तेथे कंबरपट्ट्यासारखा उंचवटा तयार होतो, लघुग्रहाला भोवऱ्यासारखा आकार येतो आणि अखेर काही दगड जमीन सोडून कक्षेत जातात. हेच दगड एकत्र येऊन चंद्र बनतो. वॉल्श, रिचर्डसन आणि मिशेल यांनी २००८ मध्ये संगणकीय प्रारूपाद्वारे ही प्रक्रिया दाखवून दिली. काही वेळा दगड सुटे न होता लघुग्रहाचा एक मोठा भागच अलग होतो, असेही दुसरे प्रारूप सांगते. डिडिमॉस आजही २.२६ तासांत स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करतो. म्हणजे तो या मर्यादेच्या उंबरठ्यावरच उभा आहे. त्याचा चंद्र तेथे का आहे, याचे उत्तर या आकड्यात दडलेले आहे.

सेकंदाला अडीच-तीन मिलिमीटर

२६ सप्टेंबर २०२२ रोजी अमेरिकेच्या ‘डार्ट’ यानाने डायमॉर्फसला जाणूनबुजून धडक दिली. लघुग्रहाची दिशा बदलता येते का, हे तपासण्यासाठी जुळा लघुग्रहच का निवडला गेला, हे समजून घेण्यासारखे आहे. सूर्याभोवती फिरणाऱ्या लघुग्रहाचा वेग सेकंदाला वीस-तीस किलोमीटर असतो. त्यात धडकेने पडणारा मिलिमीटरांचा फरक मोजण्यास वर्षे लागली असती. डायमॉर्फस मात्र डिडिमॉसभोवती सेकंदाला अवघ्या सतरा सेंटीमीटरच्या वेगाने फिरत होता. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याकडे जाणारी भरलेली बैलगाडीही याहून कितीतरी वेगाने चालते. एवढ्या मंद गतीत अडीच-तीन मिलिमीटरचा फरकही ठळकपणे उमटतो.

सुमारे ५८० किलो वजनाचे यान सेकंदाला सहा किलोमीटरहून अधिक वेगाने आदळले. डायमॉर्फसची ११ तास ५५ मिनिटांची फेरी ३३ मिनिटांनी कमी झाली. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानली जाणार होती. अपेक्षेहून इतका मोठा परिणाम झाला, कारण सैल ढिगातून उडालेल्या राडारोड्याने उलट दिशेने स्वतःचा धक्का दिला. यानाने दिलेल्या संवेगाच्या सुमारे साडेतीन पट परिणाम चंद्रावर झाला, असा अंदाज आहे.

या यशातच एक इशाराही आहे. परिणाम ढिगाच्या सैलपणावर अवलंबून असेल, तर प्रत्येक लघुग्रहासाठी गणित वेगळे मांडावे लागेल. अखंड कातळावर तोच प्रहार कमी प्रभावी ठरेल. फारच सैल ढिगावर जोराचा प्रहार केला, तर तो वळण्याऐवजी फुटेल आणि एकाऐवजी अनेक तुकड्यांचा माग ठेवावा लागेल. येणारा पिंड जुळा असेल, तर हलका धक्का दोघांनाही सोबत नेईल, पण अतिजोराचा धक्का चंद्राला मोकळे सोडू शकेल. साडेतीन पटीचा अंदाजही डायमॉर्फसची घनता गृहीत धरून केलेला आहे. त्याचे नेमके वजन करणे, हे ‘हेरा’चे एक मुख्य काम आहे. ‘मिलानी’ आणि ‘जुव्हेंटास’ ही दोन छोटी याने सोबत घेऊन ‘हेरा’ निघाले आहे ते त्यासाठीच.

लोणार : एक विवर की दोन?

जुळा लघुग्रह पृथ्वीवर आदळला, तर शेजारी शेजारी दोन विवरे पडतील, हा तर्क सरळ आहे. मराठी वाचकाला या संदर्भात लोणार आठवणे साहजिक आहे. बीडहून जालना, मंठा या मार्गाने साधारण दोनशे किलोमीटरवर, मराठवाड्याच्या सीमेला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात हे सरोवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर काळ्या पाषाणात खोदले गेले आहे. ते ज्वालामुखीमुळे बनल्याचे दीर्घकाळ मानले जात होते. १९७३ मध्ये अमेरिकी आणि भारतीय भूवैज्ञानिकांनी तेथील खडकांत प्रचंड आघातानेच तयार होणारी काच दाखवून दिली आणि हा वाद मिटला. विवराचे वय मात्र वेगवेगळ्या पद्धतींनी वेगवेगळे येते. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन मापनानुसार सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे.

लोणारच्या उत्तरेस सुमारे ७०० मीटर अंतरावर अंबर तळे आहे. झोपलेल्या मारुतीच्या देवळामुळे ते भाविकांना परिचित आहे. जवळजवळ तीनशे मीटरच्या या गोलाकार खोलगट भागाला ‘छोटे लोणार’ असेही म्हणतात. मूळ अशनीसोबत आलेल्या दुसऱ्या तुकड्याने तो पडला असावा, अशी शक्यता १९७०च्या दशकात पुढे आली. नंतरच्या सर्वेक्षणांत तेथे आघाताचा निर्विवाद पुरावा हाती लागला नाही आणि ही कल्पना मागे पडली. तरीही स्थानिक माहितीत आणि पर्यटकांना सांगितल्या जाणाऱ्या कथनात ‘अशनीचा दुसरा तुकडा’ अजून टिकून आहे.

शेजारची दोन विवरे म्हणजे जुळा लघुग्रह, असे समीकरण मांडणे किती घातक ठरू शकते, हे कॅनडातील क्लियरवॉटर सरोवरांनी दाखवले आहे. एकमेकांना खेटून असलेली ही दोन मोठी विवरे जुळ्या आघाताचे आदर्श उदाहरण म्हणून सांगितली जात. नव्या कालमापनानुसार त्यांच्या वयांत सतरा कोटी वर्षांहून अधिक अंतर निघाले. याउलट स्वीडनमधील लॉकने आणि मॉलिंगेन ही विवरे एकमेकांपासून सोळा किलोमीटरवर असूनही सुमारे ४५ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी एकाच वेळी पडल्याचा पुरावा मिळाला आहे. आकाशात जुळे लघुग्रह पंधरा टक्के असताना पृथ्वीवर जुळी विवरे त्या मानाने फारच कमी आढळतात, याचेही कारण आता कळले आहे. बहुतेक जोड्यांतील अंतर इतके कमी असते की दोघांचे आघात मिळून एकच विवर पडते.

लोणार खोदणारा पिंड बहुतेक अनुमानांनुसार शंभर मीटर किंवा त्याहूनही लहान होता. म्हणजे डायमॉर्फससारखा चंद्र एकटाच लोणारपेक्षा मोठे विवर पाडू शकेल. छोटा साथीदार नगण्य समजण्याची चैन म्हणूनच परवडणारी नाही.

अंबर तळ्याच्या प्रश्नाचे महत्त्व यापुढे वाढणार आहे, कारण पुरावा तपासण्याची साधने दर दशकाला सुधारत आहेत. पुरावा मात्र जागेवर राहिला पाहिजे. आघाताने बाहेर फेकलेल्या खडकांचा थर लोणारच्या सभोवार शेतांखाली पसरला आहे आणि लोणार गावाचा काही भागही त्याच थरावर वसला आहे. २०२० मध्ये लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला, तो तेथील पाण्याच्या आणि जीवसृष्टीच्या महत्त्वामुळे. विवराबाहेरील थरालाही तितकेच जपणे आवश्यक आहे. विहिरी, रस्ते आणि बांधकामे यांत तो एकदा विस्कटला, की कोणतीही प्रयोगशाळा तो पुन्हा रचून देऊ शकणार नाही.

बालाघाटच्या आकाशाखाली

या विषयात आपल्याकडून काय होऊ शकते? अंतराळयाने धाडणे मोजक्या देशांनाच शक्य असले, तरी जुळे लघुग्रह शोधण्याचे काम पुष्कळदा मध्यम दुर्बिणींनी केले आहे. चंद्र लघुग्रहासमोरून किंवा मागून जाताना एकूण प्रकाश किंचित कमी होतो. हा उतार ठराविक वेळाने पुन्हा पुन्हा आला, तर साथीदार असल्याचे ओळखता येते. डिडिमॉस १९९६ मध्ये सापडला. त्याला चंद्र असल्याचे २००३ मध्ये अशाच प्रकाशनोंदींतून आणि रडारच्या निरीक्षणांतून कळले. त्यातील अरेसिबोची महाकाय दुर्बीण डिसेंबर २०२०मध्ये कोसळली. रडारचा हा मोठा आधार गेल्यामुळे प्रकाशनोंदींचे मोल अधिकच वाढले आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. पुण्याच्या ‘आयुका’ची दोन मीटरची दुर्बीण गिरवली येथे आहे. मुंबईच्या आयआयटीचा सहभाग असलेली ‘ग्रोथ-इंडिया’ दुर्बीण लडाखमधील हानले येथे कार्यरत आहे. ऑगस्ट २०२० मध्ये पृथ्वीपासून तीन हजार किलोमीटरहूनही कमी अंतरावरून गेलेला ‘२०२० क्यूजी’ हा लघुग्रह ओळखण्यात आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा वाटा होता. चिलीतील रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिल्या काही तासांच्या निरीक्षणांतून दोन हजारांहून अधिक नवे लघुग्रह जाहीर केले. यापुढे सापडणाऱ्या पिंडांची संख्या एवढी असेल, की प्रत्येकाकडे रात्र रात्र पाहण्यास मोठ्या वेधशाळांना सवड मिळणार नाही. तेथे तीस-चाळीस सेंटीमीटरच्या दुर्बिणी, चांगले कॅमेरे आणि चिकाटी असलेल्या निरीक्षकांची गरज लागेल.

पाऊस कमी असणे हे बीड जिल्ह्याचे जुने दुखणे आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतील कोरडी हवा आणि वर्षातील अनेक महिने निरभ्र राहणारे आकाश हे शेतीला फारसे उपयोगाचे नसले, तरी निरीक्षणाला ते वरदान ठरू शकते. जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या भौतिकशास्त्र विभागांनी एकत्र येऊन एक मध्यम दुर्बीण उभारली आणि विद्यार्थ्यांना प्रकाशनोंदी घेण्याचे शिक्षण दिले, तर त्यांची मोजमापे जगाच्या उपयोगी पडतील. त्यासाठी लागणारा खर्च एखाद्या छोट्या रस्त्याच्या कामाहून अधिक नसावा. गावोगावच्या चौकांत उभ्या राहत असलेल्या प्रखर दिव्यांचा झोत जमिनीकडे वळवला, तर आकाशही काळे राहील.

१३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस हा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे बत्तीस हजार किलोमीटरवरून जाणार आहे. त्या वेळी त्याचा धोका नाही, हे निश्चित झाले आहे. मात्र एवढा मोठा पिंड इतक्या जवळून जाण्याचा प्रसंग क्वचित येतो. पृथ्वीच्या ओढीने त्याची गिरकी बदलते का, त्याच्या पृष्ठभागावरील खडी घसरते का, हे जगभरचे निरीक्षक पाहतील. त्या तयारीला अजून अवधी आहे. लोणार ज्या प्रदेशात आहे, त्या प्रदेशाने अशा वेळी नुसते बातम्या वाचत बसावे, हे शोभणारे नाही.